स्टिअरिंग वळवलं की कुईकुई? रॅक बदलायच्या आधी हे तपासा

चिपळूणला माझं गॅरेज आहे. एका अंगाला कुंभार्ली घाट, दुसऱ्या अंगाला खाडीची खारी हवा आणि वर चार महिने पाऊस. स्टिअरिंग वळवताना बोंब मारणाऱ्या गाड्या वर्षभर येतात, पण गणपतीच्या आठवड्यात दारात रांगच लागते. रात्रभर हायवेचे खड्डे खात मुंबईहून आलेला माणूस चावी हातात देतो आणि म्हणतो, "रॅक गेलाय म्हणे." कोण म्हणे, ते कोणी सांगत नाही.

रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा. तो खराब होतो, नाही असं नाही. पण तो गेला की सहसा खडखड करतो, ढिला लागतो किंवा तेल गाळतो. नुसत्या कुईकुईसाठी रॅक बदलायची वेळ माझ्यावर फार थोड्यांदा आली. बाकी सगळ्या वेळी दोष कुठल्या तरी कोरड्या रबरात, चिखलात नाहीतर बॉल जॉइंटमध्ये (चाकाजवळचा गोळा-वाटीचा सांधा) निघाला. यातली पहिली दोन कामं तुम्ही घरी करू शकता. तिसऱ्याला घरी हात लावायचा नाही. का ते पुढे येईलच.

आधी आवाज ओळखा

"आवाज येतो" एवढ्यावर काही कळत नाही. माझ्याकडे येणारे आवाज साधारण असे असतात:

गाडी उभी आहे, स्टिअरिंग हळू फिरवलं की पायांजवळून रबर घासल्यासारखी कुईकुई येते. गाडी पळायला लागली की ऐकू येत नाही.

फक्त बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चुंई-चुंई, बाहेर रस्त्यावर गाडी एकदम शहाणी.

सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर, किंवा स्टिअरिंग शेवटपर्यंत वळलं की बॉनेटमधून किंचाळी.

जुन्या लाकडी पलंगासारखी करकर. वळताना येते, आणि स्पीडब्रेकर हळू उतरतानाही येते.

वळवता वळवता 'टंग' असा आवाज, ताणलेली तार सुटल्यासारखा, आणि त्याच क्षणी हाताला बारीक झटका.

चाक फिरेल तसं पत्रा घासल्यासारखं खर्र-खर्र. वळणावर वाढतं किंवा एकदम बंद होतं.

दोन आवाज मात्र या यादीतले नाहीत. वळण घेत ॲक्सिलरेटर दिला की टक-टक-टक होत असेल तर ॲक्सलचा जॉइंट बघायचा. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ असेल तर चाकाचं बेअरिंग. ते दुखणं वेगळं.

आता कागदावर चार गोष्टी लिहा. गाडी उभी असताना येतो की चालताना? इंजिन बंद असतानाही येतो का? काचा लावून जास्त ऐकू येतो की उघडून? आणि पावसात गप्प होतो का? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, पण मला सगळ्यात जास्त तोच सांगून जातो. भर पावसात बंद होणारा आणि दोन दिवस ऊन पडलं की परत येणारा आवाज बहुतेक वेळा बाहेरच्या रबराचा नाहीतर बूट (वरची रबरी टोपी) फाटलेल्या जॉइंटचा असतो. पावसाशी काहीच देणंघेणं नसेल तर तो गाडीच्या आतला.

फुकटातली तपासणी: फरशी आणि हवा

हसू नका. ठाण्याहून एक काका खास हे दाखवायला गाडी घेऊन आले होते. माझ्या दारातल्या मातीत मी दहा वेळा स्टिअरिंग फिरवलं, आवाज नाही. त्यांच्या सोसायटीने पार्किंगला नुकताच गुळगुळीत रंग मारून घेतला होता. असल्या रंगवलेल्या फरशीवर किंवा चकचकीत लादीवर टायर जागच्या जागी पिळला की ओरडतोच. गाडी डांबरावर किंवा मातीवर न्या आणि तिथे फिरवून बघा. आवाज गायब, तर तुमचं काम संपलं.

त्याच फेरीत हवा भरून घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा, हवेवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. हवा कमी असली की टायरचा जास्त भाग जमिनीला चिकटतो, स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या प्रत्येक सांध्यावर जास्त जोर येतो. चारही चाकांत हवा बरोबर असल्याशिवाय पुढची तपासणी केली तर तुम्हीच फसाल.

पायांजवळची कुईकुई

माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त गाड्या इथेच सुटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

स्टिअरिंगचा दांडा पॅडलच्या वरून खाली जातो आणि पत्र्याच्या भिंतीतून इंजिनच्या बाजूला निघतो. तो जिथे पत्र्यातून जातो तिथे एक रबरी बूट असतो, पाणी आणि धूळ आत येऊ नये म्हणून. बूट जागेवर राहतो आणि दांडा त्याच्या ओठात फिरतो. नव्या गाडीत त्या ओठाला वंगण असतं. चार-पाच वर्षांनी ते सुकतं, वर धूळ बसते, आणि मग फुग्यावर बोट घासल्यासारखा आवाज सुरू होतो.

तपासायचं असं. हँडब्रेक ओढा, गाडी सपाटीवर ठेवा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून टाका. चावी एवढीच फिरवा की स्टिअरिंगचं लॉक सुटेल. घरातलं कोणीतरी बाहेर उभं राहून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना चार-चार बोटं हलवेल. तुम्ही सीट मागे सारून डोकं पॅडलजवळ न्या आणि मोबाइलचा टॉर्च मारा. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग जड लागेल, पण पूर्ण फिरवायची गरजच नाही. आवाज त्या बुटाशी असेल तर कान लावायलाही लागत नाही, समोरच येतो. दांड्यावर दोन बोटं टेकवलीत तर बारीक थरथरही लागते.

खात्रीसाठी ओठावर पाण्याचे चार थेंब सोडा. आवाज लगेच बंद झाला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर चोर सापडला. आता तिथे सिलिकॉन ग्रीस लावायचं. सिलिकॉन स्प्रे असेल तर आधी कापसावर किंवा जुन्या ब्रशवर मारून घ्या आणि मग लावा. थेट मारलात तर तो पॅडलवर उडतो, आणि निसरड्या ब्रेक पॅडलचे परिणाम मी सांगायला नकोत. लावून झालं की पॅडल आणि बुटाखालचा भाग कोरड्या फडक्याने पुसून काढा.

साधं चेसिस ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल असलं काहीही इथे नको. खनिज तेलाने बरीच रबरं फुगतात आणि मऊ पडतात. डब्ल्यूडी-४० चा निळा डबा तर प्रत्येक घरात असतो. त्याच्या नावातली अक्षरंच 'पाणी हटवणारं' अशा अर्थाची आहेत. गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण रबर वंगणात ठेवायला नाही. दोन दिवस आवाज जातो, आठवड्याने पहिल्यापेक्षा कोरडा होऊन परत येतो.

आवाज बुटापाशी नसून वर स्टिअरिंगजवळ असेल तर कॉलमभोवतीचं, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं, प्लास्टिक कव्हर हाताने दाबून धरा आणि परत फिरवा. बंद झाला तर कव्हर सरकलंय, खालचे स्क्रू आवळा. पण आवाज स्टिअरिंगच्या मध्यातून, हॉर्नच्या मागून येत असेल तर तिथेच थांबा. त्या जागी एक गुंडाळलेली पट्टी असते, एअरबॅगची आणि हॉर्नची वायर त्यातून जाते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे तुमच्या गाडीत ती असण्याचीच शक्यता जास्त. व्हिडिओ बघून हॉर्न पॅड उघडायचा नाही. एअरबॅग म्हणजे छातीसमोर ठेवलेला स्फोट आहे. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं. हॉर्न मधूनच वाजत नसेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल तर एअरबॅग उघडेल यावर भरवसा ठेवू नका.

चाकाच्या घरातला चिखल

कोकणातली लाल माती वाळली की विटेसारखी होते. चाकावरच्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तरामागे ती साचते, अस्तर खाली ओढलं जातं आणि स्टिअरिंग पूर्ण वळलं की टायर त्याला घासतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली उतरा, टॉर्च मारून बघा. जिथे घासतंय तिथे प्लास्टिक चकाकतं. क्लिपा तुटल्या असतील तर नव्या घाला, त्या ॲक्सेसरीजच्या दुकानात सुट्या मिळतात. चिखल पाइपने धुऊन काढा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. त्याच भागातून ब्रेकचा रबरी पाइप आणि सेन्सरची वायर जाते.

खर्र-खर्र असेल तर ब्रेकच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्यात बहुधा खडा अडकलाय. मोकळ्या जागेत गाडी दहा-वीस फूट रिव्हर्स घ्या, हळू. बऱ्याचदा तो स्वतःच पडतो. नाही पडला तर डिस्क पूर्ण गार झाल्यावर पत्रा बोटाने जरासा बाहेर ओढा. डिस्कवर ग्रीस किंवा स्प्रे उडू देऊ नका.

बॉनेटमधली किंचाळी

हा भाग हायड्रॉलिक, म्हणजे पंपाच्या तेलावर चालणाऱ्या, पॉवर स्टिअरिंगवाल्यांसाठी. इंजिनजवळ झाकणावर स्टिअरिंगचं चिन्ह असलेली छोटी टाकी दिसली तर तुमची गाडी त्यातली. जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, क्वालिस या बहुतेक त्यातल्या. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते, तेल नाही, पट्टाही नाही. त्यांनी हा भाग सोडून द्या.

तेल किमान आणि कमाल या दोन खुणांमध्ये हवं. कमी असेल तर झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला, ब्रेक ऑइल तर अजिबात नाही. त्याने आतली सीलं फुगतात, आणि मग खरोखरच रॅक बदलायला माझ्याकडे यावं लागतं. तेलाला फेस दिसला तर कुठूनतरी हवा आत जातेय. आज भरलेलं तेल पंधरा दिवसांत परत खाली गेलं तर गळती आहे. नुसतं भरत राहू नका, गाडी दाखवा.

तेल बरोबर असून किंचाळतंय तर इंजिनवरून पंप फिरवणारा पट्टा बघा. स्टिअरिंग वळवताना पंपाला सगळ्यात जास्त ताकद लागते, ढिला पट्टा नेमका तेव्हाच घसरतो. बाही दुमडा, ओढणी किंवा गळ्यातलं काही लोंबत असेल तर काढून ठेवा, इंजिन चालू करा आणि लांबूनच स्प्रे बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं साधं पाणी मारा. आवाज थोडा वेळ बंद होऊन परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर पट्टा ढिला आहे. पट्ट्याला भेगा असतील किंवा तो काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर ताणून उपयोग नाही, बदला.

एक सवय मोडा. स्टिअरिंग शेवटाला नेऊन तसंच दाबून धरू नका, पाच सेकंदांच्या वर तर नाहीच. शेवटाला येणारी घूं ही पंपातल्या व्हॉल्व्हमधून तेल परत फिरण्याची असते. ती नॉर्मल आहे, पण तेल तेवढ्यात तापतं.

आता गाडीखालचं

इथून पुढे नुसतं बघायचं आणि ऐकायचं. खोलायचं नाही.

बॉनेट उघडा. दोन्ही बाजूंना शॉकअपच्या डोक्यावर टोपी दिसेल, काही गाड्यांत ती काळ्या जाळीखाली लपलेली असते. टोपीवर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग हळू फिरवायला सांगा. चांगल्या बेअरिंगवर अख्खा शॉकअप गुपचूप फिरतो. माती शिरलेलं बेअरिंग अडतं, स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. तोच तो 'टंग'. हाताखाली उडी लागते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोटं घालू नका, बाहेरूनच टेकवा. हे बेअरिंग बदलायला स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार लागतं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडा फोडते. घरी नाही म्हणजे नाही.

राहिले बॉल जॉइंट. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मच्या टोकाला एक आणि रॅककडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला एक, दोन्ही बाजूंना. आत स्टीलचा गोळा, भोवती वाटी, मध्ये कारखान्यात भरलेलं ग्रीस आणि वरून रबरी बूट. बुटाला चीर पडली की पाणी शिरतं, ग्रीसची तपकिरी चिखलपेस्ट होते, गोळ्यावर गंज चढतो. करकर ऐकू येते तेव्हा हे सगळं आत होऊन गेलेलं असतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा इथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. इंजिनं धुतली, सीटा वाळवल्या, आणि गाड्या चालूही झाल्या. नंतर कित्येक महिने त्यांतल्या काही करकरत परत आल्या. बॉल जॉइंट उघडला की आत मेंदीसारखा बारीक गाळ.

ऐकायला बागेच्या पाइपचा दोन हात तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं चाकामागे एकेका सांध्याजवळ न्या. स्टिअरिंग दुसऱ्याने हलवायचं, इंजिन बंद. त्याआधी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. उभ्या गाडीत चाक वळवून बाजूने हात पोचतो, खाली झोपायची गरज नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालू नका. सपाटीवर, पक्क्या स्टँडवर गाडी असेल तरच चाक उचलून बघा: वर-खाली धरून हलवलं आणि खट्ट लागलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून खट्ट लागलं तर टाय रॉडचं टोक. स्टँड नसतील तर हे सोडा, बूट फाटलाय का एवढं बघितलं तरी पुरे.

काही जण सुईने बुटात ग्रीस भरून देतात. कुठला जॉइंट ओरडतोय हे शोधायला युक्ती झकास आहे, मीही वापरतो. पण शोधून झालं की तो जॉइंट मी बदलतो, कारण सुईचं भोक म्हणजे पाण्याला नवं दार.

गुहागरकडच्या एका भाऊंनी हे ऐकलं नाही. करकर आली की खाली वाकून स्प्रे मारायचे, महिनाभर गाडी गप्प. बायको म्हणायची गॅरेजला दाखवा, हे म्हणायचे आवाज कुठेय? एका सकाळी फाटकातून रिव्हर्स घेताना पुढचं डावं चाक आतून बाहेर उलथलं आणि गाडी मडगार्डवर बसली. गोळा वाटीतून निघाला होता. वेग पायी चालण्याइतका, म्हणून नुकसान फक्त पत्र्याचं झालं. त्याच दिवशी दुपारी त्यांना कराडला जायचं होतं, म्हणजे घाटातून.

म्हणून आवाजाबरोबर यातलं काहीही असेल तर गाडी चालवत आणू नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टो करा: चाक हलवल्यावर खट्ट लागणं, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ न येणं, फिरवताना एका जागी अडणं, स्टिअरिंगला अचानक जास्त ढिलाई येणं. पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर जवळच्या वर्कशॉपपर्यंत हळू नेता येते, पण घाट आणि हायवे नको. स्टिअरिंग अचानक दगडासारखं होऊ शकतं.

गॅरेजला सोडताना

वर लिहिलेला कागद बरोबर द्या. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर मोबाइल मांडीवर ठेवून करू नका, त्यात फक्त एसी ऐकू येतो. बाहेरच्या माणसाला चाकाजवळ धरायला सांगा, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

टाय रॉडचं टोक बदललं असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, नाहीतर दोन महिन्यांत टायर एका कडेने खाल्ला जातो. आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. तो तुमचाच आहे. बॉल जॉइंटचा दांडा दोन बोटांत धरून हलवा. चांगला जॉइंट सगळीकडे सारखा घट्ट फिरतो. गेलेला असेल तर दांडा स्वतःच्या वजनाने कलंडतो, किंवा एका जागी अडून करकरतो. नवा हातात घेऊन त्याच्याशी ताडून बघा, फरक लगेच कळतो.